सत्तावीस फर्मे

फाइलचं नाव होतं ‘अहो’.

ती सापडली तेव्हा बाइंडरच्या बायकोला जाऊन सात महिने झाले होते. रविवार होता. लेक आली होती आणि आईच्या कॉम्प्युटरवर घराचे काही कागद शोधत होती. बाबांना नुसतं बसून कंटाळा येऊ नये म्हणून तिने पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, स्क्रीन रीडर, चालू ठेवला होता. खालचा बाण दाबला की तो पुढच्या फाइलचं नाव सांगायचा. एका सुरात, तिकीट खिडकीवरच्या माणसासारखा.

“पाणी जोडणी. निवृत्ती अर्ज. तपासणी अहवाल दोन. अहो.”

बाइंडर खुर्चीतून अर्धा उठला. सात महिन्यांत त्याला कुणी ‘अहो’ म्हटलं नव्हतं.

“काय म्हणाला तो?”

“फाइलचं नाव आहे, बाबा. आईने ठेवलेलं.” लेकीने फाइल उघडली आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.

“अगं, तोंड उघड की. मला दिसत नाही, ऐकू येतं.”

“पुस्तकाचे फोटो आहेत. एकेका पानाचा. ते नदीवरच्या बाईचं, आईचं आवडतं. सगळं पुस्तक आहे, बाबा. चारशे बत्तीस पानं.”

तेव्हा बाइंडरला ती ‘टक’ आठवली. बायकोचं दुखणं वाढलं होतं त्या महिन्यातली. दुपारी ती आतल्या खोलीत दार लोटून बसायची आणि आतून मोबाइलचा आवाज यायचा. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. काय चाललंय विचारलं की म्हणायची, “पुरं झालं की सांगते.” पुरं झालं त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि सांगायचं राहून गेलं.

बाइंडरने सोळाव्या वर्षापासून पुस्तकं बांधली होती. शाळांची, कचेऱ्यांची, वाचनालयांची, वकिलांची. हाताखालून किती गेली याला गणती नाही, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याने एकही वाचलं नव्हतं. “आम्ही बांधतो, वाचणारे वेगळे,” असं तो म्हणायचा. बायको शाळेच्या कार्यालयात होती आणि तिला पुस्तक दिसलं की जेवणाची शुद्ध राहत नसे. “तुम्ही बांधलेलं एक तरी वाचा हो,” हे तिचं पालुपद. नदीवरच्या बाईचं पुस्तक तिने इतक्यांदा वाचलं की त्याची पानं सुटून आली. मग बाइंडरने ते नव्याने बांधून दिलं. तेव्हा काचबिंदूने त्याची नजर बोगद्यातून पाहावं इतकी उरली होती आणि सुईत दोरा बायको ओवून द्यायची. निळं कापड, गोल पाठ, शिवण अशी घट्ट की पुस्तक हातात घेतलं तर विटेसारखं वाटावं. डोळ्यांनी बांधलेलं ते त्याचं शेवटचं पुस्तक. पुढच्या वर्षी बोगदाही बंद झाला.

त्यानंतर आठ वर्षं बायको त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. कादंबरी काढली की तो जांभई द्यायचा. “नंतर बघू,” म्हणायचा.

लेक निघताना म्हणाली, “बाबा, आईने ते तुमच्यासाठी केलंय, हे नावावरूनच कळतं. शिकता का कॉम्प्युटर?”

“या वयात?”

“मग ठेवा तसंच.”

मंगळवारी तो क्लासला गेला.

क्लास अंधांसाठीच्या एका संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर होता. एकोणीस पायऱ्या, वळणावर एक सैल कठडा, मग लांब खोली आणि तिच्यात कळा दाबल्याचा, दबक्या पावलांनी चालल्यासारखा आवाज. शिकवणाऱ्या बाई जन्मापासून अंध होत्या. आवाज खणखणीत, आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून शब्द गिळायची सवय नाही.

“काका, शिकायचंय कशासाठी? बँकेसाठी, की नातेवाइकांना निरोप पाठवायला?”

“एक पुस्तक वाचायचंय.”

“एकच?”

“एकच.”

“बरं. एकाला आणि हजाराला कळा त्याच लागतात.”

बाई स्वतः ऐकायच्या तो वेग भयंकर होता. टिनाच्या पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा.

“हे मराठी आहे?” बाइंडरने विचारलं.

“शुद्ध मराठी. आमच्या सासूबाई याच वेगाने बोलतात. सवय लग्नानंतर झाली.”

बाइंडरची बोटं शिकायला बरी निघाली. कळफलकावर दोन कळांना बारीक उंचवटे असतात, त्यावरून बाकीच्या ओळखायच्या. पुठ्ठ्याची जाडी बोटाने सांगणाऱ्याला ते अवघड नव्हतं. अवघड होता तो आवाज. त्याला मेलं-जगलं सारखंच. अपघाताची बातमी आणि पाणीकपातीची सूचना एकाच सुरात. बाइंडरने त्याचं नाव ‘कारकून’ ठेवलं, आणि आठवडाभरात सगळा वर्ग त्याला कारकून म्हणू लागला.

पाचव्या आठवड्यात बाई म्हणाल्या, “आणा तुमचं पुस्तक.”

लेकीने फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली होती. बाइंडरने स्वतः ती शोधली, स्वतः उघडली, हेडफोन नीट बसवला आणि बाण दाबला.

“रिक्त,” कारकून म्हणाला.

पुन्हा दाबला.

“रिक्त.”

त्याने पान बदललं. दहा पानं बदलली. पन्नास. रिक्त, रिक्त, रिक्त. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाईंना त्या ठेवण्याचा आवाज कळला.

“काय झालं?”

“काही नाही. कोरं आहे. तिला जमलं नसेल.”

“सरका बघू.” बाईंनी दोन-चार कळा मारल्या. “कोरं कुठलं, काका, फोटो आहेत. तुमच्या मिसेसना वाटलं असेल, कॉम्प्युटर वाचतो म्हणजे सगळंच वाचतो. आपल्या कारकुनाला फोटो दिसत नाहीत. तोही आपल्यातलाच.”

बाइंडरला हसू आलं नाही, पण जीव भांड्यात पडला.

फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा साधा मजकूर करणारा दुसरा प्रोग्रॅम असतो. बाईंनी तो लावला. चारशे बत्तीस पानांना दुपार लागली. बाइंडर बाकावर बसून राहिला, दोनदा चहा घेतला, दोन्ही वेळा गार करून प्यायला. चारच्या सुमाराला बाईंनी हाक मारली.

या वेळी कारकून बोलला. होडी होती, नदी होती, वल्ही मारणारी बाई होती. नवऱ्यामागे तिने होडी चालवायला घेतली होती आणि गावाला ते रुचलं नव्हतं. बाइंडरने आयुष्यात पहिल्यांदा कादंबरीचं एक पान कुणाच्याही तोंडाकडे न बघता वाचलं, मग दुसरं. घरी जाऊन तो तीन दिवस वाचत होता. पाच ओळी वाचायच्या, मागे जायचं, पुन्हा वाचायच्या.

चाळीस पानं अशी गेली. एकेचाळिसाव्या पानावर काहीतरी बिघडलं.

पुढच्या मंगळवारी त्याने बाईंना ऐकवलं. बेचाळिसावं पान होतं. “होडी काठाला लागली तेव्हा आधी उत. म्हातारा, मागोमाग शेळीला धरून एक पो. सगळ्यात शेवटी तिचा दी.”

“प्रोग्रॅमची चूक दिसते,” बाई म्हणाल्या. “पुढचं पान लावा.”

“ला विचारलं, आज किती फेऱ्या झाल्या. शेवट बरोबर आहे. ‘ला विचारलं’ म्हणजे कुणाला? इथे ओळीची सुरुवातच गेलीय.” बाइंडर पुटपुटत होता. मग एकदम थांबला. “बाई, हे पान त्रेचाळीस ना?”

“हो.”

“चव्वेचाळीस लावा.”

चव्वेचाळिसाव्यात पुन्हा ओळींचे शेवट गेले होते. पंचेचाळिसाव्यात सुरुवाती. बाइंडरने हात मागे घेतले.

“प्रोग्रॅमची चूक नाही. सम पान डावीकडे असतं, त्याच्या ओळी शिवणीकडे संपतात. विषम उजवीकडे, त्याच्या ओळी शिवणीकडून सुरू होतात. शिवणीत गेलेत शब्द. पुस्तक अर्धवट उघडून फोटो घेतलेत. पूर्ण उताणं केलंच नाही तिने.”

“पहिली चाळीस पानं चांगली आहेत की.”

पुस्तक दाबून उताणं केलं की पाठीतून एक आवाज येतो, सुक्या फांदीसारखा. बाइंडर तो झोपेतही ओळखतो. तसा आवाज त्या महिन्यातल्या एका दुपारी आतल्या खोलीतून आला होता आणि तो बाहेरून ओरडला होता, “कोण उताणं करतंय पुस्तक? पाठ मोडेल त्याची! किती वेळा सांगितलं!”

“नाही हो, नाही मोडत,” ती म्हणाली होती. त्यानंतर तो आवाज पुन्हा आला नाही.

ते एकेचाळिसावं पान होतं. पुढची जवळजवळ चारशे पानं आजारी बाईने एका हाताने पुस्तक अर्धं उघडं धरून, दुसऱ्या हाताने मोबाइल सांभाळत काढली होती, त्याच्या बांधणीला धक्का लागू नये म्हणून.

“माझ्यामुळे झालं हे,” बाइंडर म्हणाला.

बाईंनी धीर देणारं काही म्हटलं नाही. म्हणाल्या, “पुस्तक घरी आहे ना? मग पुन्हा काढा फोटो.”

“तेवढं उघडायचं तर पाठच मोडेल. घट्ट बांधलंय.”

“कुणी बांधलं एवढं घट्ट?”

“मीच.”

“शाबास,” बाई म्हणाल्या.

तीन आठवडे तो तसंच फाटकं वाचत राहिला. ‘दी’ म्हणजे दीर, हे जमलं. पण पुढे ‘तिने रागाने हा’ असं आलं की हात उचलला, हात जोडले की हाक मारली, हे कसं ठरवायचं? एका पानावर त्याने होडीवाल्या बाईला दिराच्या थोबाडीत मारायला लावलं आणि चार पानांनी कळलं की तिने त्याला हाताला धरून होडीत बसवलं होतं. बाइंडर वैतागला. एवढ्या वर्षांत कुठल्या पुस्तकावर त्याचा असा जीव अडकला नव्हता. साठाव्या पानापुढे गाडी जाईना.

लेकीने दुसरी प्रत शोधली. सहा वाचनालयांना फोन केले. छापणारे कधीच बंद झाले होते. एका ठिकाणी प्रत होती, पण वाळवी लागल्यामुळे काढून टाकली होती.

“सोडा ना, बाबा,” ती पुढच्या रविवारी म्हणाली. “मी वाचून दाखवते. दर रविवारी वीस पानं.”

“म्हणजे संपायला चार-पाच महिने. आणि सोमवार ते शनिवार मी काय करू? होडी मधोमध सोडून बसू?”

“मग काय करायचं म्हणता?”

“उसवायचं.”

लेक एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती, सहजासहजी घाबरणारी नव्हती. पण आता तिचा आवाज बदलला.

“आईचं पुस्तक उसवणार? तुम्ही तिला बांधून दिलेलं? ती कुणाला हात लावू द्यायची नाही त्याला. मला म्हणायची, तुझ्या बाबांचे डोळे आहेत यात.”

“असं म्हणायची?”

“हो.”

“मला नाही कधी म्हणाली.”

“तुमच्यासमोर कशी म्हणेल? तुम्ही डोक्यावर बसला असता.”

बाइंडर उठून आत गेला. पुस्तक कपाटात वरून दुसऱ्या खणात होतं. त्याने ते काढलं आणि मांडीवर घेऊन बसला. कोपरे अजून धारदार होते. पाठीची गोलाई अंगठ्याखाली एकसारखी लागत होती, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. त्याने वरून खाली, खालून वर बोट फिरवलं. आता या हातांना असं काम पुन्हा जमणार नव्हतं. सुई जाईल, दोरा ओढता येईल, पण ही गोलाई डोळ्यांशिवाय येत नाही. उसवलं तर गेलं.

त्या रविवारी त्याने उसवलं नाही. आठवडाभर पुस्तक टेबलावर पडून होतं. जेवताना तो ते बाजूला सरकवायचा आणि जेवण झालं की पुन्हा समोर ओढायचा. एकदा त्याने फाइल उघडली आणि मधलंच एक पान लावलं. कारकून तुकडे वाचत गेला. प्रत्येक तुटलेल्या ओळीत त्याला बायकोचा थकलेला हात कळत होता. या पानावर तिने पुस्तक जरा जास्त उघडलं असावं, एकेकच अक्षर गेलं होतं. त्या पानावर दोन-दोन शब्द. हात भरून आला असणार. आणि तरी ती थांबली नाही. विटेसारखी घट्ट बांधणी तिला नको होती. त्याने वाचावं, एवढंच हवं होतं. हे कळायला त्याला भलताच वेळ लागला होता.

शनिवारी त्याने लेकीला फोन केला. “उद्या येताना धारदार सुरी आण. आपली बोथट झालीय. आणि आरडाओरडा करायचा असेल तर बसमध्येच उरकून ये.”

ती सुरी घेऊन आली. टेबलावर जुनं कापड अंथरलं. बाइंडरने बाह्या वर केल्या, पुस्तक उभं धरलं आणि पुठ्ठ्याच्या आतल्या घडीवर बोट ठेवलं.

“मी कापते, बाबा. तुमचा हात कापेल.”

“तू लोकांचं रक्त काढ. हे माझं काम आहे.”

सुरी घडीतून सरळ खाली गेली. पुठ्ठा सुटला. मग दुसऱ्या बाजूचा. निळं कापड त्याने ओढलं नाही, ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढलं. घाई केली की पान फाटतं. खाली खळ वाळून काचेसारखी झाली होती. तीही भिजवली, नखाने खरवडली. एखाद्याला वाटेल की आत बायकोने ठेवलेली चिठ्ठी वगैरे निघाली असेल. तसं काही निघालं नाही. खळ, जाळीचं कापड आणि दोरा.

“हे बघ,” तो लेकीला म्हणाला, “पुस्तक म्हणजे सुटी पानं नसतात. सोळा-सोळा पानांच्या वह्या असतात, एकात एक घड्या घातलेल्या. एका वहीला फर्मा म्हणतात. यात सत्तावीस आहेत. प्रत्येक फर्म्याच्या मधल्या घडीत दोरा असतो. तो कापायचा आणि फर्मा अलगद सुटा करायचा.”

पहिला दोरा कापताना त्याने श्वास रोखला होता. तिसऱ्या फर्म्यानंतर हात मोकळा झाला. सातव्यानंतर तो शीळ घालू लागला आणि लेक त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एकोणिसाव्या फर्म्याला दोऱ्याचा दुहेरी टाका लागला. तिथे बांधतानाच त्याची नजर चुकली होती, सुई भलत्याच भोकातून गेली होती आणि त्याने गुपचूप वरून दुसरा टाका मारला होता.

“इथे मी चुकलो होतो,” तो म्हणाला.

“आईला माहीत होतं?”

“तिनेच दोरा ओवून दिला दुसऱ्यांदा. काही बोलली नाही.”

जेवणाच्या वेळेपर्यंत टेबलावर सत्तावीस फर्म्यांची चळत उभी राहिली. शेजारी रिकामे निळे पुठ्ठे. बाइंडरने हात धुतले. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

पहिल्या दोन फर्म्यांचा मजकूर आधीच नीट होता, म्हणून तिसऱ्यापासूनचे सहा फर्मे लेकीने त्याच दिवशी मोबाइलने काढले आणि बाईंनी शिकवलेल्या रीतीने बाइंडरने स्वतः त्यांचा मजकूर केला. सोमवारी सकाळी तो वाचायला बसला. त्यातल्या पहिल्याच फर्म्यात म्हातारा नावाडी मेला, आणि लगेच पुढच्या पानावर काठावर बसून विडी ओढू लागला. मग होडीवाल्या बाईचं लग्न झालं, मग ती पाच वर्षांची झाली.

बाइंडरने लेकीला कामावर फोन केला. “अगं, फर्म्याची घडी उलगडून काढलेस का फोटो?”

“हो. सपाट हवे होते ना? मी सगळे कागद मोकळे करून पसरले.”

“अगं माझे आई! घडी उलगडली की एक नंबरच्या पानाला सोळा नंबरचं पान चिकटलेलं असतं. दोनला पंधरा. छापतात तसंच. घडी घातल्यावर ओळीने येतात. तू म्हाताऱ्याला मारून पुन्हा विडी दिलीस!”

पलीकडे हसू फुटलं. ती हसायची थांबेना. तिच्यामागे कुणीतरी विचारत होतं काय झालं म्हणून. बाइंडरही हसला. घरात मोठ्याने हसल्याचा आवाज त्याला स्वतःलाच नवीन वाटला.

पुढच्या रविवारी त्याने वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घालून तिला पानं कशी येतात ते दाखवलं. मग तिने एकेक फर्मा घडीतच ठेवला आणि पानं उलटत फोटो घेतले. मागे शिवण नसल्यामुळे प्रत्येक पान आता काठापर्यंत सपाट पडत होतं. टक. टक. बाइंडर शेजारी बसून मोजत होता. सुरुवातीला टक भराभर यायची. मग अंतर वाढू लागलं. मग बंदच झाली.

“काय गं? बॅटरी गेली?”

“अं? नाही. एक मिनिट.”

“वाचतेयस!”

“दीर पुलाच्या कामावर मजूर म्हणून लागतो हो. बाबा, हिचीच होडी बंद पाडायला!”

“मला सांगू नकोस! मी अजून तिथे नाही!”

संध्याकाळी ती निघाली तेव्हा निम्मे फर्मे व्हायचे होते. “दोन घरी घेऊन जाऊ?” तिने विचारलं. “तिकडेच फोटो काढून पाठवते. बसमध्ये वाचता पण येतील.”

बाइंडरच्या तोंडावर आलं होतं, हरवशील, चुरगाळशील, ओले करशील. उभ्या जन्मात त्याने सुटा फर्मा दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

“पुठ्ठ्यात घालून ने,” तो म्हणाला. “तो निळा घे. तो काही आता दुसऱ्या कामाचा नाही.”

तेव्हापासून त्यांचं तसंच चाललं. लेक दोन फर्मे न्यायची, दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत फोटो काढून पाठवायची आणि पुढच्या रविवारी आणून बदलून न्यायची. बाइंडर आलेला मजकूर तपासायचा आणि वाचायचा. एक भाग तिच्या हातात कागदावर, तोच त्याच्या कानात. कारकुनाचा वेग त्याने आधी एका घराने वाढवला, मग दोन. हळूहळू तो सूर ऐकू येईनासा झाला. ऐकू यायची ती होडीवाली, तिचा हट्ट, तिचं तोंड. मंगळवारी तो क्लासलाही जायचा. बाई विचारायच्या, “काका, एकच पुस्तक होतं ना? मग का येता?” तो म्हणायचा, “आधी हे संपू द्या.”

फोनवर बाप-लेकीची भांडणं व्हायला लागली. बाइंडर दिराच्या बाजूने होता. पूल झाला तर आजारी माणूस वेळेवर पलीकडे जाईल, त्यात दिराचं काय चुकलं? लेक होडीवालीच्या बाजूने.

“बाबा, त्याने तिला विचारलं का एकदा तरी? आधी कामाला लागला आणि मग सांगायला आला!”

“सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं?”

“विचारून तर बघायचं!”

“तू आईवर गेलीस.”

“आणि तुम्ही दिरावर!”

एका बुधवारी दुपारी फोन वाजला. लेक कुठल्यातरी बसथांब्यावर होती, मागून गाड्यांचे आवाज येत होते आणि तिचा आवाज वर चढला होता.

“बाबा, बाविसावा संपला. तुम्ही कुठे आहात? पूल झाल्यावर पहिल्याच दिवशी ती काय करते माहीत आहे?”

“थांब! मी विसाव्यात आहे. एक शब्द बोललीस तर बघ.”

“नुसतं एवढंच सांगते, तुमचा दीर…”

“फोन ठेव!”

“बरं, संध्याकाळी सहाला करते. तोवर पोचा तिथे. मला कुणाशी तरी बोलायचंय यावर.”

“सहाला नको, सातला कर. चाळीस-एक पानं आहेत. मधे कुणी उठवलं नाही तर पोचेन.”

त्याने फोन बाजूला ठेवला, दाराला आतून कडी घातली, हेडफोन चढवला, कारकुनाचा वेग आणखी एका घराने वाढवला आणि बाण दाबला.